ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज : डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्यांना

भुसावळकर : काल इथे एकाने लिहिलं, "बचत असेल तर ओव्हरड्राफ्टवालंच होम लोन घ्या, साधं घेणारे वेडे." त्यातला एक वेडा मी, म्हणून लिहितोय. ३० लाख कर्ज, साडेआठ टक्के. ओव्हरड्राफ्टवाल्या कर्जात खात्यात ठेवलेल्या बचतीएवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि ती हवी तेव्हा काढताही येते. म्हणजे खात्यात ५ लाख पडून राहिले तर वर्षाचं ४२,५०० व्याज वाचतं, मान्य. पण या सोयीपायी बँकेने पाव टक्का जास्त लावला, तर उरलेल्या २५ लाखांवर ६,२५० गेले. तेच ५ लाख साध्या कर्जात भरून टाका, व्याज तर वाचेलच, हे ६,२५०ही वाचतील. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड २०१२ पासून नाही. मग हा उपद्व्याप कसाले?

रावेरचा केळीवाला : भरून टाकलेले ५ लाख बँक परत देते का भो? लोन बायकोच्या पगारावर आहे, ती शिक्षिका. पण माझा माल कापला गेला की पैसा एकदम येतो, पुढे कित्येक महिने नुसता खर्च. खत, ठिबक, मजुरी. आलेला पैसा त्या खात्यात टाकतो, लागेल तसा काढतो. जूनच्या वादळात बाग आडवी झाली तेव्हा सावकाराचं दार नाही पाहिलं. तुमचे ६,२५० म्हणजे त्या सोयीचं भाडं समजा.

धुळ्याची वहिनी : "लागेल तसा काढतो" इथेच घात आहे! आमचे ४ लाख होते. ह्यांच्या भाच्याचं लग्न, मग सासऱ्यांची बोअर, मग बुलेट. दोन वर्षांनी शिल्लक ११ हजार, दर मात्र जास्तीचाच. आमच्यासारख्यांना एफडी मोडायला निदान बँकेत जावं लागतं, चार लोक बघतात.

केळीवाला : वहिनी, हा दोष खात्याचा की भाच्याचा?

वहिनी : भाच्याला नाही म्हणून दाखवा आमच्या घरात, मग बोला.

जळगावचा हिशेबनीस : एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतो, इथे वाचलेल्या व्याजावर नाही. ३० टक्के टॅक्स भरणाऱ्याला साडेसहा टक्क्यांची एफडी हातात साडेचारच्या आसपास पडते. मात्र खात्यात नुसते ठेवलेले पैसे टॅक्सच्या सवलतीसाठी मुद्दल फेड म्हणून धरत नाहीत. आणि शिल्लक ५० हजारच राहणार असेल तर वाचणार ४,२५०, पाव टक्क्यापायी जाणार ७,३७५.

अमळनेरचे नाना : एफडीचं नाव काढू नका. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून पतसंस्थेत ठेवले, रिटायरमेंटचे. आता पावत्या ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्यांसोबत.

हिशेबनीस : नाना, पतसंस्था आणि बँक एक नाही. बँकेत ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, पतसंस्थेला तो नाही. लोभ नडला.

नाना : लोभ? संचालक आमच्याच आळीतला, मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होता. तोंड सांभाळून बोला.

वहिनी : आमच्या आईचेही असेच गेले. वसुली अधिकारी तीनदा बदलले.

नाना : तीनच? आमच्याकडे मोजणं सोडलंय.

भुसावळकर : धागा गृहकर्जाचा आहे हो!

नाना : तुमच्याकडे पडून ठेवायला ५ लाख आहेत, तुम्ही काढा धागे.

भुसावळकर : बरं बाबा, ज्यांची बाग आडवी होते त्यांनी घ्यावं. माझा पगार १ तारखेला येतो, मी वेडाच बरा.

केळीवाला : एवढंच कबूल करायला दोन दिवस लागले. नाना, ट्रंक उघडाच एकदा, पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवू. वाळवी लागायच्या आत.