शब्दचर्चा: पोकरमधल्या ‘अर्ली पोझिशन’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (गुहागर)

मंडळी, गणपतीत आमच्याकडे रात्री पाच-तीन-दोन चालतं. यंदा भाच्याने मोबाईलवर पोकर उघडलं. फुकटच्या चिप्सचं हो. पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्याने बंदच झालेत. तो बाबांना सांगत होता, “अर्ली पोझिशनला स्टार्टिंग हँड निवडून खेळायचा, आजोबा.” मी मध्ये पडून मराठी केलं: “सुरुवातीचा हात.” बाबा म्हणाले, “अजून एक पान पडलं नाही, हात कुठून झाला?”

त्यांचंच बरोबर. आपल्याकडे सगळ्यांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो. पाच-तीन-दोनमध्ये हात ओढतात, मेंढीकोटात हात मोजतात. पोकरमध्ये हँड म्हणजे जवळची पानं, आणि कधी अख्खा डावसुद्धा. तेव्हा स्टार्टिंग हँडला मी ‘हातातली पानं’ म्हणतो. अडलंय ते अर्ली पोझिशनपाशी, म्हणजे इतरांच्या आधी बोलावं लागतं त्या जागेपाशी. सुचवा.

प्रतिसाद (देवगड)

‘अग्रस्थान’ कसं वाटतं? छापायलाही बरं.

प्रतिसाद (सावंतवाडी)

अग्रस्थान नको. वाचणाऱ्याला वाटेल मानाची खुर्ची आहे, आणि ही तर टेबलावरची सगळ्यात अडचणीची. आपल्याकडे शब्द आहे: उतारी. आमच्या गंजिफ्यातसुद्धा दशावतारी डावात दिवसा रामाची बाजू पुढे आणि रात्री कृष्णाची, म्हणजे उतारी कुणाची हे वेळेवरून ठरतं. १२० गोल पानं, दहा अवतार. एवढा जुना शब्द असताना नवा कशाला पाडायचा?

मूळ प्रश्नकर्ता (गुहागर)

उतारी मलाही आवडला होता, पण दोन ठिकाणी अडतो. एक, उतारी म्हणजे पहिलं पान टाकणं. पोकरमध्ये पान कुणी टाकतच नाही, बोलतात फक्त: चिप्स भरतो, वाढवतो किंवा पानं सोडतो. दुसरं, उतारी ज्याची त्याचा जोर. मेंढीकोटात उतारी मिळावी म्हणून आपण धडपडतो. इथे आधी बोलायची पाळी आली की कपाळाला हात.

का ते सांगतो. नऊ जणांचं टेबल. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडे बसलेला पहिल्यांदा बोलतो, म्हणजे अजून आठ जण बोलायचे बाकी. त्यांच्याकडे काय आहे हे याला ठाऊक नाही. याने तोंड उघडलं हे मात्र आठही जण बघतात. तिसऱ्याच दिवशी मी तिथे बसून किलवरचा एक्का आणि बदामचा गुलाम घेऊन चिप्स वाढवल्या. एक्का-गुलाम म्हटल्यावर आपल्याला उकळी फुटतेच. मागून एकाने माझ्या तिप्पट लावल्या, मी हट्टाने भरल्या. मधल्या, सगळ्यांच्या सामाईक तीन पानांत एक्का पडला, मी खूश. त्याच्याकडे एक्का-बादशहा. अशा जोडीपुढे एक्का-गुलाम साधारण चारांत एकदा जिंकतो. त्या दिवशी काही ती वेळ नव्हती.

आता वहीत लिहून ठेवलंय: पहिल्या जागेवर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-बादशहा आणि एक्का-राणी कसेही, एक्का-गुलाम आणि बादशहा-राणी मात्र एकाच कलरचे असतील तरच. दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात, त्यात ही ८८. म्हणजे शंभरातले त्र्याण्णव डाव मुकाट पानं टाकून द्यायची. बाबांना हे पटत नाही. “मग बसायचं कशाला?” म्हणतात. पण तीच पानं बटनावर, म्हणजे मधली पानं पडल्यावर शेवटी बोलणाऱ्याच्या जागेवर आली तर एक्का-गुलाम मी बिनधास्त खेळतो.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

मालवणीत ‘फुडचो’ म्हणा नि मोकळे व्हा. “फुडच्यान जपान बोलाचा.”

जाता जाता: तुम्ही ‘कलर’ लिहिलंत ते तीन पत्तीतलं, ते सगळ्यांना कळेल. पण ‘ब्लाइंड’ला एक ओळ द्या. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. पोकरचा ब्लाइंड ही पानं वाटायच्या आधीच दोन जणांनी भरायची सक्तीची रक्कम, पानं बघायला मोकळीक आहेच. आमच्या वाडीत यावरून भांडण झालेलं आहे.

प्रतिसाद (हर्णै)

मी पत्ते खेळत नाही, बंदरावर असतो. मासळीच्या लिलावात पाटीवर जो पहिली बोली देतो त्याचा अंदाज सगळ्यांपुढे उघडा पडतो. मागचे त्याच्यावरून आपला भाव धरतात. जाणता माणूस माल खरंच हवा असला तरच आधी बोलतो. तुमचं वर्णन वाचून तेच डोळ्यांपुढे आलं. ‘पहिली बोली’ का नाही म्हणत?

मूळ प्रश्नकर्ता (गुहागर)

हे बसलं. ब्रिजवाले बोली म्हणतातच, आणि ‘तू बोल’, ‘मी पास’ हे आपण रोजच म्हणतो. जागेसाठी ‘पहिल्या बोलीची जागा’, नंतरच्या दोघा-तिघांसाठी ‘आधीच्या बोलीच्या जागा’. सावंतवाडीकर रागावू नका, उतारी गंजिफ्याला शोभते, तिथेच राहू दे.

बाबांना काल रात्री सांगून पाहिलं. पहिल्या बोलीवर त्यांना दश्शी-नव्वी आली होती, दोन्ही इस्पिक. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग चष्मा वर करून म्हणाले, “ही सुरमई नव्हे, बांगडा आहे,” आणि टाकून दिली.