गोधडी: आधी रंग तपासा, मग जुळवा

ताई, आईच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधडीत रंग कसे जुळवायचे, असं तुम्ही विचारलंत. त्याआधी एक करा. प्रत्येक साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. माझ्या पहिल्या गोधडीत लाल खणाचा रंग उतरून शेजारचा हळदी तुकडा डागाळला, तो माझ्या आजीच्या लुगड्याचा होता. अजून हळहळ वाटते.

सगळे भडक रंग शेजारी शेजारी नकोत. मधेमधे एखादा फिका, विटलेला रंग पेरा, म्हणजे बाकीचे उठून दिसतात. काठ मात्र कापून टाकू नका! गोधडी कडेलाच आधी विरते आणि काठाची वीण घट्ट असते, म्हणून ते चारी बाजूंनी लावा.

आत विरलेली नऊवारी दुमडून घाला. आपल्या नाशिकच्या थंडीला, त्यातून निफाडकडे राहत असाल तर, तीन-चार थर हवेतच. त्याहून जास्त घेतले तर सुई जाता जात नाही. धावदोरा कडेकडून आत घालत या. सिंथेटिक साडी मिसळू नका. सुती कापड आटतं, ती आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात.