मलेरिया 'डोक्यात चढतो' म्हणजे नेमकं काय होतं?

रानपाखरू:
मामेभाऊ गेल्या पावसाळ्यात गडचिरोलीत एटापल्लीकडे रस्त्याच्या कामावर होता, तिथून ताप घेऊनच आला. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, तिसऱ्या दिवशी असंबद्ध बडबडायला लागला, मग झटके, मग हाक मारली तरी ओ नाही. फाल्सिपेरम निघाला, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी. आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची इंजेक्शनं दिली, वाचला, आता ठणठणीत आहे. घरी सगळे म्हणतात मलेरिया डोक्यात चढला होता. मी डॉक्टरांना विचारलं जंतू मेंदूत शिरला होता का, तर म्हणाले मेंदूत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडकला, आणि अर्धा गोंधळ त्या वाहिन्यांनीच घातला. एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. रक्तवाहिनी म्हणजे पाइपच ना? पाइप कसला गोंधळ घालणार? आणि सूज होती तर स्टेरॉइड का नाही दिलं, मामीने तर त्यावरून तिथेच भांडण काढलं होतं.

काचपट्टी:
पाइप समजतो तिथेच गाडी चुकते. पॅथॉलॉजीला होते तेव्हा सेरेब्रल मलेरियाने (हाच तो 'डोक्यात चढलेला') गेलेल्या पेशंटच्या मेंदूची स्लाइड पाहिलीय, अजून डोळ्यासमोर आहे. केशवाहिनी एवढी अरुंद की तांबड्या पेशी एकामागे एक जेमतेम सरकतात, आणि इथे त्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने बसलेल्या, बऱ्याच पेशींत काळपट तपकिरी ठिपका, म्हणजे परजीवीने हिमोग्लोबिन खाऊन टाकलेला कचरा. भिंतीच्या पलीकडे मेंदूत मात्र एकही परजीवी नाही. तुझे डॉक्टर बरोबर बोलले.

चिकटायचं कारण प्लीहा. ४८ तासांच्या चक्रात परजीवी मोठा झाला की ती पेशी कडक होते, तशीच फिरत राहिली तर प्लीहा तिला पकडून संपवणार. म्हणून फाल्सिपेरम तांबड्या पेशीवर बारीक गाठी उगवतो आणि त्यावरच्या प्रथिनाने वाहिनीचं अस्तर धरून बसतो. त्यामुळे बोटातून काढलेल्या रक्तात बहुतेक कोवळ्या अंगठ्याच (परजीवीचं अंगठीसारखं दिसणारं सुरुवातीचं रूप) दिसतात, कधी कधी त्याही थोड्याच, आणि पेशंट मात्र कोमात.

आता अस्तराचं. ते एका पेशीच्या जाडीचं असतं पण जिवंत असतं, रक्त गोठू न देणं, गळती होऊ न देणं, दाह आवरणं हे सगळं तेच बघतं. त्यासाठी त्यावर ईपीसीआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन असतं. २०१३ मध्ये कळलं की गंभीर मलेरियातले परजीवी नेमका हाच धरतात. म्हणजे बसायला जागा मिळाली आणि आग विझवायचा नळही अडवला.

पेट्रीडिश:
वरच्याला +१. पण अस्तर नुसतं हतबल होतं असं नाही, ते स्वतः बोंब ठोकतं. पोर्तुगालमध्ये गुल्बेंकियन इन्स्टिट्यूटच्या लोकांचं २०२२ चं काम आहे, उंदरांवरचं. परजीवी असलेल्या तांबड्या पेशींतून बारीक कण सुटतात, त्यात हिमोग्लोबिनचे अवशेष असतात, म्हणजे हीम. मेंदूच्या वाहिन्यांच्या पेशी ते कण गिळतात आणि आत स्टिंग नावाचा अलार्म आहे तो वाजतो. मग इंटरफेरॉन बीटा, त्यातून सीएक्ससीएल१० नावाचा रेणू, आणि त्याच्या मागावर पांढऱ्या पेशींची झुंड मेंदूकडे. खरी गंमत म्हणजे त्यांनी फक्त मेंदूच्या अस्तरातूनच स्टिंग काढून टाकलं, बाकी शरीरात तसंच ठेवलं, तरी उंदीर मरायचं प्रमाण बरंच कमी झालं!

त्यात भर म्हणजे याच पेशी परजीवीचे तुकडे स्वतःच्या अंगावर टांगून दाखवतात, मग सीडी८ टी पेशींना (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाटतं हाच चोर आणि त्या अस्तरावरच तुटून पडतात. अस्तर फाटलं की पाणी मेंदूत.

शंकासूर:
उंदीर, उंदीर आणि उंदीर. या प्रयोगांत वापरतात तो बर्घेई हा मुळात उंदरांचाच परजीवी, त्यांच्या मेंदूत पांढऱ्या पेशींची गर्दी जास्त दिसते, माणसात तांबड्यांची. उंदरांना आपण कितीदा बरं केलंय, त्यातलं माणसापर्यंत काय आलं सांगा.

पेट्रीडिश:
रास्त आहे. पण आफ्रिकेतल्या मलावीत सेरेब्रल मलेरियाने गेलेल्या मुलांच्या मेंदूत वाहिन्यांच्या भिंतीलगत सीडी८ पेशी सापडल्यात, २०२० चा पेपर. आणि तिथलाच २०१५ चा एमआरआय अभ्यास बघ, १६८ मुलं, २५ दगावली, त्यातल्या २१ जणांच्या मेंदूला प्रचंड सूज होती. म्हणजे शेवटी मारते ती सूज, एवढं माणसातही दिसतंय. ती येते कुठून यावर भांडू आपण.

रानपाखरू:
बाप रे. मग तर मामीचंच बरोबर झालं ना? इम्युनिटीच पिसाळली तर स्टेरॉइडने ती दाबायची.

काचपट्टी:
असं डॉक्टरांनाही वाटायचंच, बरीच वर्षं देतही होते. मग थायलंडमध्ये कोमातल्या १०० पेशंटवर नीट ट्रायल केली, १९८२ ला छापून आली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट जगले त्यांना शुद्धीवर यायला ४७ ऐवजी ६३ तास लागले, न्यूमोनिया आणि पोटातले रक्तस्राव वाढले ते वेगळंच. तेव्हापासून बंद. मला विचारशील तर स्टेरॉइड म्हणजे अख्ख्या गावाची लाइट घालवणं, आणि इथे भोंगा एकाच गल्लीत वाजतोय. शिवाय भिंतीला चिकटलेल्या पेशी त्याने सुटत नाहीत, त्याला परजीवीच मारावा लागतो आणि ते काम आर्टेसुनेट करतं. कोवळे असतानाच मारतं, म्हणजे चिकटायच्या आधी.

शंकासूर:
हे मान्य. आणि ट्रायल माणसांवरची आहे म्हणून डबल मान्य.

रानपाखरू:
मामीला सगळं वाचून दाखवलं. म्हणते कळलं, पण एवढंच त्या डॉक्टरने तेव्हा सांगितलं असतं तर मी कशाला भांडले असते. भाऊ दिवाळीनंतर परत तिकडे कामावर जातोय, मच्छरदाणी घेऊन दिलीय, लावेल की नाही देव जाणे.

काचपट्टी:
लावेल न लावेल, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायला सांग. पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढू नको म्हणावं यावेळी.