पॉइंटर मोजून सिस्टिम ओळखता येत नाही

धागाकर्ता:
सिस्टिम ३२ बिटची की ६४ बिटची हे पाहायचे असेल तर प्रोग्रॅममध्ये पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाचा) आकार मोजा, ४ बाइट आले तर ३२ आणि ८ आले तर ६४, असा सल्ला काल इथे दिला गेला आणि त्याखाली आभारांची रांग लागली, म्हणून हे लिहितो आहे. पॉइंटरचा आकार कंपाइल करतानाच, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवतानाच ठरतो. ६४ बिटच्या विंडोजवरही ३२ बिटचा प्रोग्रॅम ४ हेच उत्तर देणार. त्याऐवजी विंडोजचे गेटनेटिव्हसिस्टिमइन्फो हे फंक्शन वापरा. साधे गेटसिस्टिमइन्फो अशा प्रोग्रॅमला एक्स८६, म्हणजे ३२ बिटचा प्रोसेसर, सांगून मोकळे होते.

प्रतिसाद १:
तो सल्ला माझा. उत्तर ८ आले तर सिस्टिम ६४ बिटची असणारच, म्हणजे अर्धा सल्ला तुम्हालाही मान्य करावा लागेल. आणि मुळात प्रोग्रॅमला सिस्टिमची चौकशी करण्याचे कारणच काय?

प्रतिसाद २:
कारण मी सांगतो. माझा ३२ बिटचा इन्स्टॉलर ६४ बिटच्या विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये फाइल टाकत होता आणि 'यशस्वी' असे लॉगमध्ये लिहीत होता, पण फोल्डर उघडले की फाइल तिथे नसायची. दोन दिवस मी परवानग्या तपासत बसलो. विंडोजने ती परस्पर वळवल्यामुळे फाइल सिसवॉव६४ या दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेली होती. ६४ बिटच्या फायली '३२' नावाच्या फोल्डरात आणि ३२ बिटच्या '६४' नावाच्या फोल्डरात ठेवणाऱ्या सिस्टिमवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

प्रतिसाद ३:
तो दोष सिस्टिमच्या माथी मारू नका. असंख्य जुन्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिम३२ हा मार्ग जसाच्या तसा लिहिलेला होता. ते चालू राहावेत म्हणूनच ही वळवावळवी आहे, आणि खरे फोल्डर हवे असणाऱ्यासाठी सिसनेटिव्ह हे वेगळे नाव ठेवलेले आहे. लिनक्समध्येही सेटआर्चखाली (मशीनचा प्रकार वेगळा भासवणाऱ्या आज्ञेखाली) चालवलेल्या प्रोग्रॅमला मशीनचा प्रकार सांगणारी युनेम ही आज्ञा आय६८६, म्हणजे ३२ बिटचे मशीन, सांगू शकते. जुन्याला सांभाळणे म्हणजे फसवणूक नव्हे.

प्रतिसाद २:
दोन दिवस तुमचे गेले असते तर तुम्ही हे इतक्या शांतपणे लिहिले नसते.

प्रतिसाद ४:
फोल्डरच्या भांडणात मूळ चूक तशीच राहिली. एआरएम६४ (एआरएम जातीच्या ६४ बिट प्रोसेसरवरच्या) विंडोजवर एक्स६४ (इंटेल-एएमडी जातीच्या ६४ बिट प्रोसेसरसाठीचा) प्रोग्रॅम चालवला तर धागाकर्त्याचे गेटनेटिव्हसिस्टिमइन्फोदेखील एक्स६४ असेच सांगते. तिथे इजवॉव६४प्रोसेस२ या फंक्शनला मूळ मशीन विचारावे लागते. मॅकवर रोझेटाखाली (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम ॲपलच्या प्रोसेसरवर चालवणाऱ्या अनुवादकाखाली) आहोत का, हे सिसकंट्रोल या सिस्टिमची माहिती देणाऱ्या सोयीमधील प्रोकट्रान्सलेटेड ही नोंद १ आहे का यावरून कळते.

धागाकर्ता:
एआरएमचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य. पण पॉइंटरचा सल्ला त्यामुळे बरोबर ठरत नाही.

प्रतिसाद १:
बरोबर ठरत नाही, हे मीही मान्य करतो. कालच्या सल्ल्याखाली 'हा आकार प्रोग्रॅमचा, सिस्टिमचा नव्हे' ही ओळ आता जोडली आहे; मात्र तुमचे फंक्शनही वर दुरुस्त करा.