आठवीतल्या मुलासाठी मराठी कादंबरी सुचवा ना

फास्टर फेणे संपवून आता दिवसभर ट्टॉक ट्टॉक करत फिरतोय. पुढे काय देऊ? उपदेश दिसला की पुस्तक सोफ्याखाली जातं.

निवांत: पाडस द्या. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद आहे पण वाचताना अज्जिबात जाणवत नाही, शेवटी रडणार हे नक्की (मी चाळिशीत रडलोय).

कट्टेकरी: वनवास!! कथा आहेत, पण सलग वाचल्या की कादंबरीच. त्यातल्या लंपन नावाच्या मुलाची भाषा आधी जरा अडते, पहिली गोष्ट तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, मग घरात सगळंच त्याच्या शब्दात 'मॅडसारखं' होतं.

मनीमाऊ: बोकीलांची शाळा पुढच्या वर्षी दे, त्यातली पोरं नववीतलीच. माझ्या लेकीने दप्तरात लपवून वाचली, मी पण बघितलंच नाही असं दाखवलं.