जैतापूर: युनिटमागे एक पैसा गावाला देणार असाल तर बोलू

सड्यावरचा

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं 'शांती' कायदा मंजूर केला आणि अणुवीज खासगी कंपन्यांना खुली झाली. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट तर त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होतं. तेव्हापासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जैतापूर पुन्हा उकळायला लागलंय. निम्मे लोक 'आता काम सुरू होणार' म्हणतात, निम्मे काळे झेंडे शोधतायत.

माझं गाव राजापूर तालुक्यातलं. प्रकल्पाची जागा, म्हणजे माडबनचा सडा (कातळाचं पठार), हाकेच्या नाही, पण दुचाकीच्या अंतरावर. २०११ ला मी कॉलेजात होतो आणि मोर्चातही होतो. आज माझं मत बदललंय, पण अर्धंच. तेव्हा शिव्या घालण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या, एकेक १,७३० मेगावॉटची, मिळून १०,३८० मेगावॉट. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा इथली ९३८ हेक्टर जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव दप्तरातच राहिले. सुरुवातीचा मोबदला एवढा किरकोळ होता की लोकांनी चेक परत पाठवले. २०१३ मध्ये तो हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला, लोकांनी घेतला, आणि पुढे काय? भिंत. सड्याला वळसा घालत जाणारी भिंत, आत गवत, आणि पावसाळ्यात तेच गवत खायला टपलेली आमची गुरं बाहेर.

आता माझा हिशेब बघा. साडेबावीस लाख गुणिले ९३८, म्हणजे साधारण २११ कोटी. हा झाला जमिनीचा सगळा दाम, एकदाच. सहाही भट्ट्या ८० टक्के क्षमतेनं चालल्या तर वर्षाला सुमारे ७,२७० कोटी युनिट वीज होते. युनिटमागे फक्त एक पैसा गावांच्या निधीत टाकला तर वर्षाला ७२ कोटी. तीन वर्षांत जमिनीची किंमत वसूल, आणि भट्टीचं आयुष्य ६० वर्षांचं सांगतात.

हे मागणं काही आकाशातून पडलेलं नाही. जलविद्युत प्रकल्पात राज्याला १२ टक्के वीज फुकट मिळते आणि २००८ च्या धोरणानुसार आणखी १ टक्का स्थानिक विकास निधीला जातो. खाणीच्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, रॉयल्टीचा ठरलेला हिस्सा त्यात भरावाच लागतो. मग अणुवीज प्रकल्पानं गावाला काय द्यायचं? कंपनीच्या मर्जीचा सामाजिक निधी: एक रुग्णवाहिका, चार संगणक, दप्तरवाटप आणि फोटो.

म्हणून माझं म्हणणं: गुंतवणूक येऊ दे, मी आडवा येणार नाही. पण गावाचा वाटा वीज खरेदी करारात लिहिलेला हवा. दान म्हणून नको, हक्क म्हणून हवा. आणि तो लिहून झाल्याशिवाय भिंतीच्या आत एकही टिकाव पडू नये.

बंदरावरून

भाऊ, हिशेब चोख केलात. पण तुमच्या सबंध लेखात समुद्र एकदाही आला नाही हे लक्षात आलं का?

तुमच्याकडे सातबारा आहे, म्हणून तुमच्याशी सरकार बोललं, कमी का होईना दाम दिला. समुद्राला सातबारा नसतो. साखरी नाटे बंदरातल्या किती होड्यांवर किती घरं जगतात याची भूसंपादनाच्या यादीत ओळसुद्धा नव्हती. तांडेल, खलाशी, जाळी विणणारे, बर्फ फोडणारे, टोपल्या घेऊन एसटीनं राजापूरच्या बाजारात जाणाऱ्या बायका, यातलं कुणीच 'प्रकल्पग्रस्त' नाही. तारली आणि बांगडा पाण्याच्या थंड-गरमावर हलतात, हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोराला कळतं. रोज गरम पाण्याचा लोंढा एकाच ठिकाणी सोडलात तर मासा मरणार नाही कदाचित, निघून जाईल. आमच्या लेखी दोन्ही सारखंच.

आणि १८ एप्रिल २०११ ला नाटे गावात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात आमचा एक तरुण मच्छीमार गेला. त्याच्या मरणाची किंमत तुमच्या एका पैशात कुठे बसवायची, तेवढं सांगा.

बाष्पयंत्र

मी कर्नाटकातल्या कैगा अणुवीज प्रकल्पात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे माझ्या मताला जो काय पक्षपात चिकटलाय तो आधीच कबूल.

गरम पाण्याबद्दल. भट्टीतलं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळत नाही. समुद्राचं पाणी फक्त वाफ थंड करतं आणि परत जातं. किनाऱ्यावरच्या प्रकल्पाला ते समुद्रापेक्षा सात अंशांहून जास्त गरम सोडता येत नाही, आणि पसरलं की फरक झपाट्यानं उतरतो. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी मिळाली ती ३५ अटींसह. सरसकट 'मासा संपणार' म्हणणं मला पटत नाही.

कैगाची पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, त्या वेळचा जगातला विक्रम होता तो. वारा पडला, ढग आले, तरी वीज चालू. कोळशाची राख नाही. हे फायदे इथे कुणी मोजतच नाही.

सड्यावरचा, तुमच्या पैशालाही माझा विरोध आहे. आज अणुप्रकल्पाला दिलात तर उद्या औष्णिक, परवा पवनचक्की, तेरवा वीजवाहिनीच्या मनोऱ्याखालचा शेतकरी मागेल. ते सगळं शेवटी विदर्भातल्या पंप वापरणाऱ्याच्या बिलात चढणार.

सड्यावरचा

काका, मनोऱ्याखालच्या शेतकऱ्यानं मागितलं तर त्यात चूक काय? आणि विदर्भाचा पंप बरोबर वेळेला आठवतो तुम्हाला.

बंदरावरून, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला लाज वाटली. मी जमिनीवरून विचार केला कारण मी जमिनीवरचा आहे. निधी ग्रामपंचायतीला न देता ठराविक अंतरातल्या सगळ्या वस्त्यांना द्यायचा, त्यात मच्छीमार सोसायट्यांचा हिस्सा आधी वेगळा काढायचा, असं मी आता म्हणेन. गेलेल्या माणसाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

हिशेबनीस

तुमचं भांडण गोड आहे, पण एक पैसा गुणिले शून्य युनिट म्हणजे किती हो?

ईपीआरचा इतिहास बघा. फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला २००५ ला बांधकाम सुरू झालं, व्यावसायिक वीज आली २०२३ ला. फ्रान्समध्ये, म्हणजे खुद्द माहेरात, फ्लामांव्हिलला २००७ ला सुरुवात, वीजजाळ्याला जोडणी डिसेंबर २०२४ ला, आणि ३.३ अब्ज युरोचा अंदाज १३.२ अब्जांवर गेला. चीनमधल्या ताइशानच्या दोन भट्ट्या २०१८-१९ मध्ये चालू झाल्या, पण त्यांनाही ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला. जैतापूरचा पहिला करार डिसेंबर २०१० चा, तेव्हा फ्रेंच कंपनी अरेव्हा होती. ती कोलमडली, मग फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ईडीएफ आली, २०२१ मध्ये त्यांनी बंधनकारक प्रस्ताव दिला. दर किती, हेच अजून ठरत नाही. आज सही झाली तरी पहिलं युनिट निघेपर्यंत तुमच्या गावात ग्रामसभेला कोरम तरी होईल का?

या गुंतवणुकीमागे धावताना खरा प्रश्न हा आहे की वाट बघण्याची किंमत गाव भरतंय. पंधरा वर्षं कुणी त्या भागात धड हॉटेल बांधेना, बँक आंबा प्रक्रियेला कर्ज द्यायला कां-कूं करते, मुलीकडचे विचारतात 'ते प्रकल्पाचं काय झालं?'

चाकरमानी दादरचा

एन्रॉन नको. नाणार नको. बारसू नको. जैतापूर नको. मग कोकणातली पोरं डोंबिवलीत दहा बाय दहाच्या खोलीत राहतात तेव्हा रडायचं कशाला? हापूस वर्षातून दोन महिने, मोहर गळला की तेही नाही. एक लाख कोटींच्या वर गुंतवणूक दाराशी आलीय आणि आपण पैसा-पैसा करतोय.

बंदरावरून

गणपतीला पाच दिवस येणाऱ्यांनी बाकीच्या तीनशे साठ दिवसांचा निर्णय घेऊ नये.

चाकरमानी दादरचा

त्या पाच दिवसांचं भाडं, गावच्या घराची घरपट्टी आणि आईचं औषधपाणी तीनशे साठ दिवसांच्या पगारातून जातं, दादा.

बोईसर लोकल

तारापूरच्या बाजूला वाढलो म्हणून दोन शब्द. १९६९ पासून इथे अणुवीज आहे, देशातली पहिली. फायदा झालाच नाही असं नाही. वसाहतीतली शाळा चांगली, दवाखाना चांगला, बोईसरची बाजारपेठ फुगली. पण दोन भट्ट्यांनंतर तिसरी-चौथी आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पिढ्यान्‌पिढ्या लाटेच्या आवाजात झोपलेल्या माणसांना आत नेऊन वसवलं. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

माझा एक वर्गमित्र त्या विस्थापितांतला. बापाकडे होडी होती, तो आता एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंग करतो. पगार होडीपेक्षा वाईट नाही, तो स्वतःच सांगतो. फक्त सुट्टीच्या दिवशी काय करावं हे त्याला कळत नाही.

सेंदाईकर

मी अकरा वर्षं जपानात आहे. सड्यावरचा म्हणतात तशी योजना इथे अर्ध्या शतकापासून आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

१९७४ मध्ये जपाननं तीन कायदे केले: वीज वापरावर कर लावायचा आणि तो पैसा प्रकल्प घेणाऱ्या गावांना द्यायचा. गावांत सभागृहं, पोहण्याचे तलाव, रस्ते झाले. फुकुशिमाच्या अणुप्रकल्पाशेजारी फुताबा नावाचं गाव आहे. तिथे मुख्य रस्त्यावर कमान होती: 'अणुऊर्जा, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा'. बांधकामाच्या वेळचं अनुदान आटलं, जुन्या होत चाललेल्या यंत्रांवरचा मालमत्ता कर दरवर्षी घटत गेला, आणि ती सभागृहं चालवण्याचा खर्च तेवढा उरला. २०११ च्या आधीच फुताबा आर्थिक अडचणीत होतं. मग त्यांनी काय केलं असेल? आणखी भट्ट्या मागितल्या.

त्यानंतर ११ मार्च २०११, फुकुशिमाचा अपघात. सगळं गाव रिकामं. लोकांना परत राहायला जाता आलं २०२२ च्या ऑगस्टमध्ये, आणि गेले ते थोडे. भरपाई १० लाख कोटी येनच्या वर गेलीय. आपल्या नव्या कायद्यात मोठ्या प्रकल्पाच्या चालकाची जबाबदारी किती? ३,००० कोटी रुपये. २०१० च्या कायद्यात सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादारावर उलट दावा करायची जी वाट होती, तीही बुजवली. गुंतवणूक आकर्षित करायची म्हणून.

मी अणुविरोधी नाही, माझ्या घरात तीच वीज येते. पण युनिटमागे पैसा मागणारं गाव भट्टी चालू राहण्यावर जगायला लागतं. मग भट्टीत काही खटकलं तर बोलणार कोण?

बाष्पयंत्र

३,००० कोटींच्या वर केंद्र सरकारची जबाबदारी आहे, हे अर्धवट सोडू नका. आणि फुकुशिमात भूकंप झाल्यावर भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीनं डिझेल जनित्रं बुडवली म्हणून. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून चांगला उंच आहे.

पण शेवटचा प्रश्न बरोबर आहे. प्रकल्पात असताना बाहेरच्या कुणी आम्हाला अडचणीचं काही विचारलेलं मला आठवत नाही. चहा-बिस्किटं व्हायची, भेट व्हायची, जायचे.

सड्यावरचा

सेंदाईकर, तुम्ही माझी झोप घालवलीत. रात्री पुन्हा आकडे मांडले.

दोन बदल करतो. पहिला हिशेबनीसांमुळे: पैसा युनिटवर नको, जमिनीवर हवा. ताबा घेतला त्या दिवसापासून वार्षिक भाडं, भट्टी चालो न चालो. मग ताटकळत ठेवणाऱ्यालाही किंमत पडेल आणि गावाला भट्टी बंद ठेवा म्हणायची धास्ती राहणार नाही. दुसरा: फ्रान्समध्ये प्रत्येक अणुप्रकल्पापाशी स्थानिक माहिती आयोग असतो, त्यात लोकप्रतिनिधी, संघटना, कामगार बसतात आणि २००६ पासून त्याला कायद्याचा आधार आहे. भट्टी फ्रेंच आणायची तर हेही फ्रेंचच आणा. आणि फिनलंडमध्ये, जिथे हीच ईपीआर आहे, तिथे यजमान नगरपालिकेला सरळ 'नाही' म्हणायचा अधिकार आहे. त्यांनी 'हो' म्हटलं. विचारलं होतं म्हणून.

हिशेबनीस

भाड्याला माझा पाठिंबा. पण एक खासगी प्रश्न, उत्तर दिलं नाही तरी चालेल. २०१३ ला तुमच्या घरानं चेक घेतला होता का?

सड्यावरचा

घेतला. आजोळची जमीन, एक एकर, सामायिक खातं, सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यातली नऊ मुंबईत, दोन मयत, एकाचा पत्ताच नव्हता. नऊ लाख आले. आईच्या वाट्याला एकोणतीस हजार.

तिनं त्यात घरामागच्या कातळात सुरुंग लावून दोन खड्डे पाडून घेतले, भरावाची माती आणली आणि हापूसची दोन कलमं लावली. एक जगलं. गेल्या वर्षी त्याला बावीस आंबे धरले होते.

बंदरावरून

जगलं ते भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे?

सड्यावरचा

बाहेरच्या. मे महिन्यात या, बोलू.