मदत हवी आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या जगण्याची गुणवत्ता त्यांच्याकडूनच कशी जाणून घ्यावी?

नमस्कार. मालवणजवळ बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आम्ही कार्यशाळा चालवतो. आमसुलं निवडणं, पाकिटं भरणं अशी कामं असतात. बुद्ध्यांक, दैनंदिन कौशल्यं, प्रमाणपत्रं या सगळ्याच्या नोंदी आहेत, ते नको. ही माणसं सुखात आहेत का, हे जाणून घ्यायचं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट शॅलॉक यांची जगण्याच्या गुणवत्तेची आठ क्षेत्रांची चौकट पटली. त्यात स्वनिर्णय आणि हक्कही येतात. जागतिक आरोग्य संघटनेची याच विषयावरची २६ प्रश्नांची प्रश्नावलीही पाहिली, पण प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, तिथेच बरेचजण अडतात. म्हणून चेहऱ्यांची तीन चित्रं केली आणि मालवणीत विचारलं. "तुका हयसर बरा वाटता?" "होय." "कंटाळो येता?" तरी "होय"च.

घरच्यांना विचारलं तर चित्र वेगळंच. आई सुरक्षिततेबद्दल बोलते, मुलाला एकट्याने बाजारात जायचं असतं. दोघांचंही खरं, पण सरासरी काढून त्याचं म्हणणं पुसलं जायला नको.

पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ नाही, विचारणारे आम्ही शिक्षकच. काहीजण अजिबात बोलत नाहीत. पावसात हजेरी रोडावते, तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळीनंतर करता येईल असंच काही हवं.

होकाराची सवय ओळखायला आधी कोणते सराव-प्रश्न घ्यावेत? न बोलणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं काय पाहून नोंदवावं? आणि मराठीत प्रत्यक्ष वापरलेली चित्रमय प्रश्नावली कुणाकडे आहे का?